आपले की आमचे? रूझवेल्ट आणि ओबामा यांच्या पहिल्या भाषणांतील दोषाचा हिशेब

काही वर्षांपूर्वी मी दोन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची शपथविधीची भाषणे मराठीत उतरवायला घेतली. एक फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे, ४ मार्च १९३३ चे. दुसरे बराक ओबामा यांचे, २० जानेवारी २००९ चे. छापण्याचा विचार नव्हता. परक्या भाषेतला मजकूर नीट समजून घ्यायचा तर तो एकदा आपल्या भाषेत लिहून काढायचा, ही माझी जुनी सवय. इतिहास किंवा अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही, त्यामुळे हे विषय असेच हाताने, वाक्यागणिक शिकत आलो. रूझवेल्टांचे भाषण आठवड्याभरात उतरले. ओबामांच्या भाषणात सुरुवातीलाच एका शब्दापाशी गाडी अडली, आणि ती बरेच दिवस अडून राहिली.

ते वाक्य असे. अर्थव्यवस्था फार दुबळी झाली आहे. हा काही जणांच्या हव्यासाचा आणि बेजबाबदारपणाचा परिणाम आहे, पण कठीण निर्णय घेण्यात आणि देशाला नव्या युगासाठी तयार करण्यात आलेल्या सामूहिक अपयशाचाही आहे. यातल्या 'सामूहिक अपयशा'च्या आधी इंग्रजीत 'अवर' आहे. मराठीत काय लिहायचे? 'आमच्या' की 'आपल्या'?

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. मंत्री 'आमचे चुकले' म्हणाला तर चूक त्याची आणि त्याच्या सरकारची. तोच 'आपले चुकले' म्हणाला तर समोर बसलेला श्रोताही त्यात आला. इंग्रजीला ही सोय नाही. किंवा असे म्हणू की, इंग्रजीत बोलणाऱ्याला न निवडण्याची सोय आहे. ओबामांच्या 'अवर'मध्ये वॉशिंग्टनमधले राजकारणी आहेत, की नियम ढिले करणारे अधिकारी, की ज्याचे घर कर्ज थकल्याने जप्त झाले तो ओहायोतला कामगारही? वाक्यावरून ठरवता येत नाही. पुढचे-मागचे वाचल्यावर 'आपल्या' हेच बरोबर वाटते, कारण पुढे सगळ्या भाषणभर जबाबदारीचे नवे युग सुरू करण्याचे आवाहन प्रत्येक नागरिकाला आहे. मी 'आपल्या' लिहिले आणि मनात खटकत राहिले. रूझवेल्टांच्या भाषणात हा प्रश्नच आला नव्हता. तिथे दोष 'त्यांचा' होता.

दोन्ही भाषणांची तुलना पुष्कळांनी केली आहे. ओबामा निवडून आले तेव्हा अमेरिकी नियतकालिकांनी त्यांना रूझवेल्टांच्या पोशाखात मुखपृष्ठावरही बसवले. पण ही तुलना बहुधा आशा, धैर्य, वक्तृत्व अशा मोठ्या शब्दांभोवती फिरते. मला तुलना करायची आहे ती एवढ्याच गोष्टीची : संकट आले, ते कोणामुळे, याचे उत्तर दोघांनी काय दिले आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले.

*

आधी १९३३. निवडणूक नोव्हेंबर १९३२ मध्ये झाली होती आणि सत्तांतर मार्चमध्ये. मधले चार महिने देश जवळजवळ निर्णायकी अवस्थेत होता. (विसाव्या घटनादुरुस्तीने हा काळ पुढे कमी केला, म्हणूनच ओबामांचा शपथविधी जानेवारीत झाला.) चारांतला एक कामकरी माणूस बेकार होता. १९३० पासून हजारो बँका बुडाल्या होत्या, आणि ठेवींना विमा नव्हता. बँक बुडाली की ठेव बुडाली. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या, तशी भीती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरत गेली. ४ मार्चच्या पहाटे न्यू यॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनीही बँकांना कुलूप लावले. रूझवेल्ट बोलायला उभे राहिले तेव्हा देशातल्या बहुतेक राज्यांत बँका एकतर पूर्ण बंद होत्या किंवा नावापुरता पैसा देत होत्या.

त्यांचे भीतीविषयीचे वाक्य जगभर सुविचारासारखे फिरते : भ्यायचेच असेल तर फक्त भीतीला भ्या. ते वाचताना या बंद बँका डोळ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत. बँक सगळ्या ठेवी तिजोरीत ठेवत नाही. बराचसा पैसा कर्जाऊ दिलेला असतो. सगळे ठेवीदार एकाच दिवशी आले तर धडधाकट बँकही बसते. म्हणजे बँक बुडेल ही भीतीच बँक बुडवते. त्या सकाळी हे वाक्य रोकड व्यवहाराचे होते. ते मूळ मसुद्यात नव्हते. मसुदा रेमंड मोली यांचा. २७ फेब्रुवारीच्या रात्री हाइड पार्कच्या घरी रूझवेल्टांनी तो स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला आणि मोलींनी आपली प्रत शेकोटीत टाकली. भाषण त्या रात्री रूझवेल्टांनी एकहाती लिहिले अशी आख्यायिका त्यातून तयार झाली आणि बरीच वर्षे टिकली. भीतीचे वाक्य त्यानंतर, रूझवेल्टांचे जुने सहकारी लुई हाऊ यांच्या मसुद्यात आले.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. रूझवेल्ट आधी नुकसानीची यादी देतात. मालमत्तेच्या किमती कोसळल्या, कर वाढले, शेतकऱ्याला बाजार नाही, हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षांची बचत गेली. या यादीत कर्ता नाही. सगळे आपोआप घडल्यासारखे आहे. मग ते म्हणतात की ही आपत्ती कशाच्याही टंचाईतून आलेली नाही. टोळधाड आलेली नाही. निसर्ग अजून देतोच आहे, माणसाच्या कष्टाने त्यात भर घातली आहे, सुबत्ता दाराशी उभी आहे. पण समोर दिसत असूनही ती वापरता येत नाही.

आता ओबामा. आपले कामगार संकटापूर्वी होते तितकेच आजही कामाचे आहेत, आपली बुद्धी तितकीच कल्पक आहे, आपला माल आणि सेवा यांची गरज गेल्या आठवड्यात, गेल्या महिन्यात किंवा गेल्या वर्षी होती तेवढीच आजही आहे. आपली क्षमता कमी झालेली नाही.

दोन्ही परिच्छेद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा चकित झालो. शहात्तर वर्षांचे अंतर आहे, पण विचार एकच : जमीन आहे, हात आहेत, यंत्रे आहेत, गिऱ्हाईकही आहे, तरी चाक थांबले. असे म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उरतो. मग थांबवले कोणी?

रूझवेल्टांचे पुढचेच वाक्य त्याचे उत्तर आहे. मानवजातीच्या मालाची देवघेव ज्यांच्या हाती होती ते आपल्या हट्टापायी आणि नालायकीपायी अपयशी ठरले, त्यांनी अपयश कबूल केले आणि ते गादी सोडून गेले. 'मुख्यतः यामुळेच' अशी त्या वाक्याची सुरुवात आहे. यादीत नसलेला कर्ता इथे येऊन उभा राहतो.

ओबामांचे पुढचे वाक्य वेगळ्या वाटेने जाते. हटून बसण्याचा, संकुचित हितसंबंध जपण्याचा आणि नकोसे निर्णय पुढे ढकलण्याचा आपला काळ आता संपला. 'आपला काळ'! इथेही तोच 'अवर'. आणि मग आवाहन : आजपासून उठू या, अंगावरची धूळ झटकू या, कामाला लागू या. (ही शब्दयोजना १९३६ सालच्या एका अमेरिकी चित्रपटगीताची आठवण करून देते, म्हणजे तीही मंदीच्या काळातलीच.) रूझवेल्ट विचारतात, तुम्हाला पाडले कोणी? ओबामा म्हणतात, पडलो आहोत, उठू या.

*

रूझवेल्टांनी 'त्यांना' जे नाव दिले ते बायबलमधले आहे. येशूने जेरुसलेमच्या मंदिरातून ज्यांना हुसकले ते नाणी बदलून देणारे लोक. रूझवेल्ट म्हणतात, ते आपल्या संस्कृतीच्या मंदिरातल्या उंच आसनांवरून पळून गेले आहेत. मराठी बायबलात त्यांच्यासाठी 'सराफ' शब्द आहे. भाषांतर करताना तो मला नको वाटला, कारण आपल्याकडे सराफ म्हणजे ओळखीचा माणूस. त्याच्याकडे लग्नाचे दागिने होतात, त्याच्या नावाच्या गल्ल्या आहेत, आडनावे आहेत. 'सावकार' लिहावे तर अर्थ पुरता बदलतो. आपल्या सावकाराने दुसऱ्याचा पैसा नव्हे, स्वतःचाच पैसा फिरवला. आणि रूझवेल्टांचा मुख्य आरोप तर दुसऱ्याच्या पैशावर सट्टा खेळण्याचा होता. शेवटी मी 'पैशाचे दलाल' लिहिले. ते पुरेसे नाही.

हे कोण, हे त्या दिवशी ऐकणाऱ्यांना सांगावे लागत नव्हते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सिनेटच्या समितीपुढे फर्डिनंड पेकोरा या वकिलाने न्यू यॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांची उलटतपासणी घेतली होती. पेकोरा सिसिलीत जन्मलेले, साध्या घरातले; मिचेल देशातल्या सर्वांत मोठ्या बँकवाल्यांपैकी एक. बँकेच्या रोखे विकणाऱ्या कंपनीने पेरूसारख्या देशांचे कमकुवत रोखे सामान्य गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारले होते, हे त्यातून बाहेर आले. मिचेल यांनी आपले शेअर बायकोला तोट्यात विकल्याचे दाखवून १९२९ चा प्राप्तिकर टाळला, हेही त्यांच्याच तोंडून बाहेर आले. पुढे करचुकवेगिरीच्या फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले, पण खुर्ची मात्र शपथविधीच्या आधीच गेली होती. रूझवेल्ट जेव्हा म्हणाले की या दलालांचे व्यवहार लोकमताच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे आहेत, तेव्हा तो नुसता अलंकार नव्हता. साक्ष झाली होती, ती वर्तमानपत्रांतून छापून आली होती, आणि एक तरी आसन खरोखर रिकामे झाले होते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रूझवेल्टांचे धैर्य आणि ओबामांचा संकोच अशी तुलना करणारे हे विसरतात की रूझवेल्टांच्या हाती चौकशीचे कागद होते. २००८ च्या पडझडीची चौकशी करणारा आयोग मे २००९ मध्ये कायद्याने अस्तित्वात आला आणि त्याचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. म्हणजे १९३३ मध्ये साक्ष आधी, भाषण नंतर. २००९ मध्ये भाषण आधी आणि साक्ष दोन वर्षांनी.

नॅशनल सिटी बँकेचे पुढे काय झाले? तीच आजची सिटीबँक. ओबामांनी शपथ घेतली त्या दिवशी तिची पालक कंपनी सिटीग्रुप सरकारने दिलेल्या ४५ अब्ज डॉलरच्या आधारावर उभी होती. तिचे प्रमुख विक्रम पंडित. हे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्यांचा जन्म नागपूरचा. ते डिसेंबर २००७ मध्ये त्या खुर्चीवर आले, म्हणजे खड्डा त्यांच्या आधीच खणला गेला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे, कंपनी नफ्यात येईपर्यंत आपण वर्षाला एक डॉलर पगार घेऊ, असे सांगितले. पण आसनावर ते होते, आणि इतर मोठ्या बँकांचे बहुतेक प्रमुखही आपापल्या आसनांवर होते. २० जानेवारीला कोणी 'दलाल मंदिरातून पळाले' म्हणाला असता तर ते खोटे ठरले असते.

जाता जाता बायबलचीच आणखी एक गोष्ट. रूझवेल्टांनी आपल्या घराण्याच्या जुन्या डच बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. ते उघडे ठेवले होते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायावर, प्रीतीची थोरवी सांगणाऱ्या पानावर. ओबामांनी शपथ लिंकन यांच्या बायबलवर घेतली, पण भाषणात शास्त्रवचन म्हणून ज्याचा आधार घेतला ते वचन याच तेराव्या अध्यायातले : पोरकटपणा सोडून देण्याचे. हा योगायोग असेल. पण फरक पाहण्यासारखा आहे. रूझवेल्टांच्या भाषणात शास्त्रवचने येतात ती दलालांवर, त्यांना दृष्टी नव्हती असे सांगायला. ओबामांच्या भाषणात शास्त्रवचन येते ते ऐकणाऱ्यांवर, तुम्ही आता मोठे व्हा असे सांगायला. संदर्भ राजकारणातल्या क्षुल्लक भांडणांचा आहे हे मान्य. तरी घर गेलेल्या माणसाला ते कसे ऐकू आले असेल?

*

आता यावरचा नेहमीचा आक्षेप. शब्दांचे काय घेऊन बसलात, रूझवेल्टांनी दलालांना शिव्या दिल्या आणि पाचच दिवसांत त्यांनाच वाचवले.

हे खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ६ मार्चला त्यांनी देशभरच्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. त्यासाठी पहिल्या महायुद्धातला, शत्रूशी व्यापार रोखण्याचा १९१७ चा कायदा वापरला. ९ मार्चला बँकांविषयीचा तातडीचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात त्यावर जेमतेम चाळीस मिनिटे चर्चा झाली आणि सभासदांच्या हाती छापील प्रतीही नव्हत्या. मसुद्याचे बरेच काम मावळते अध्यक्ष हूव्हर यांच्याच अर्थखात्यातल्या माणसांनी केले होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले नाही. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले, तेव्हा सूर आणखी मऊ होता : काही बँकवाले नालायक किंवा अप्रामाणिक निघाले, पण बहुसंख्य बँकांबाबत हे खरे नाही.

शिवाय रूझवेल्टांच्या 'ते'मागे एक 'आमचे' लपले होते. फेब्रुवारीत हूव्हर यांनी पत्र लिहून त्यांना बाजाराला धीर देणारे निवेदन करण्याची गळ घातली होती. हूव्हर यांचे आर्थिक धोरण गळ्यात पडेल म्हणून रूझवेल्टांनी ते टाळले. राजकीयदृष्ट्या शहाणपणाचे असेल. पण त्या दोन आठवड्यांत बँकांवरची धावाधाव वाढतच गेली. आपल्या वाट्याच्या या दोषाबद्दल भाषणात अक्षर नाही. हूव्हर यांचे आभारही नाहीत. ओबामांनी मात्र आरंभीच बुश यांचे आभार मानले.

मग शब्दांनी केले काय? माझे उत्तर असे की त्यांनी बँकवाल्यांचे काही केले नाही. त्यांनी ठेवीदाराचे काही केले. आमच्या तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हाची रांग मी पाहिली आहे. रांगेतली माणसे संतापलेली असतील असे मला वाटले होते. ती ओशाळलेली होती. एकमेकांची नजर चुकवत होती. व्याजाच्या अर्ध्या टक्क्यासाठी इथे पैसे ठेवले हा आपलाच मूर्खपणा, असे एक निवृत्त शिक्षक मला दोनदा म्हणाले. फसलेल्या माणसाला पहिल्यांदा राग येत नाही, लाज येते. १९३३ मध्ये अमेरिकेत दीर्घ बेकारी अंगावर काढलेले लाखो लोक होते, आणि मेहनत करणारा उपाशी राहत नाही या समजुतीवर ती पिढी वाढली होती. त्यांना देशाच्या सर्वोच्च आसनावरून सांगितले गेले की तुमच्या शेतात, हातात, घामात काही उणे नाही. दोष तिकडे आहे. त्यानंतर आठ दिवसांनी रेडिओवर तेच रूझवेल्ट म्हणाले की हा प्रश्न जेवढा माझा तेवढाच तुमचा. क्रम बघा. आधी 'ते', मग 'आपण'. दोष बाजूला काढून ठेवल्यावर जबाबदारी मागितली. १३ मार्चला बँका उघडू लागल्या तेव्हा लोक रांगा लावून आले ते पैसे भरायला. १५ तारखेला शेअरबाजार उघडला आणि डाऊ जोन्स एका दिवसात १५ टक्क्यांनी चढला.

हे सगळे भाषणामुळे झाले असे मी म्हणत नाही. सरकारच्या अभयाचा वाटा मोठा होता. आणि 'ते' म्हणण्यातला धोकाही त्याच भाषणात आहे. काँग्रेसने कृती केली नाही तर परकीय शत्रू चालून आल्यावर मिळावेत तसे व्यापक अधिकार आपण मागू, असे रूझवेल्टांनी बजावले, आणि सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला तो तिथे. एलिनॉर रूझवेल्ट यांनाच ते थोडे भीतिदायक वाटले होते. त्याच आठवड्यात जर्मनीत काय चालले होते? हिटलर ३० जानेवारीला चान्सेलर झाला होता. निवडणूक ५ मार्चला, म्हणजे रूझवेल्टांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी होती, आणि २३ मार्चला संसदेने आपले अधिकार त्याच्या हवाली केले. तिथेही एक 'ते' होते, आणि पैशाच्या व्यापाराशी जोडलेलेच होते. मंदिरातल्या नाणी बदलणाऱ्यांची प्रतिमा युरोपात ज्यूंविरुद्ध शतकानुशतके वापरली गेली आहे. रूझवेल्टांनी ती जातीकडे वळू दिली नाही. त्यांचे 'ते' धंद्याने ओळखले जातात, आणि आरोपाच्या पाठोपाठ लगेच मागणी येते : बँका, कर्जे आणि गुंतवणुकीवर कडक देखरेख. त्या मागणीतून जूनमध्ये ठेवींचा विमा आला आणि ठेवी घेणारी बँक व रोखे विकणारी पेढी वेगळी करणारा ग्लास-स्टीगल कायदा आला.

*

ओबामांनी असे का केले नाही? कातडीचा रंग हे एक कारण, आणि ते लहान नाही. साठ वर्षांपूर्वी ज्याच्या बापाला वॉशिंग्टनच्या खाणावळीत कदाचित वाढले नसते तो माणूस आज शपथ घेतो आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. त्या दिवशी मैदानात सुमारे १८ लाख लोक थंडीत उभे होते, ते हे दृश्य पाहायला. रागावलेला गोरा पुढारी करारी ठरतो. रागावलेला काळा पुढारी अमेरिकेत धोकादायक ठरतो. हे ओबामा आयुष्यभर ओळखून होते.

दुसरे कारण काळाचे. रूझवेल्ट तळाशी पोचल्यावर आले. ओबामा आले तेव्हा लेहमन ब्रदर्स बुडून चारच महिने झाले होते आणि घसरण चालूच होती. त्या एका जानेवारीत सुमारे सहा लाख नोकऱ्या गेल्याचे पहिले आकडे आले. सुधारित आकडे त्याहून मोठे निघाले. शपथविधीच्या दिवशीच डाऊ जोन्स ३३२ अंकांनी उतरून ८,००० च्या खाली गेला. आजारी बँकांविषयी एक कडक शब्द आणि उद्या काय होईल, ही धास्ती त्यांच्या सल्लागारांना असणार.

पण तिसरे कारण मला सर्वांत जड वाटते. बँकांना ७०० अब्ज डॉलर देणारा कायदा ऑक्टोबर २००८ मध्ये झाला, त्याला सिनेटर ओबामांनी पाठिंब्याचे मत दिले होते. ग्लास-स्टीगलची भिंत १९९९ मध्ये पाडली गेली ती क्लिंटन यांच्या सहीने. त्या वेळचे अर्थमंत्री लॉरेन्स समर्स आता ओबामांचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. त्यांच्या आधीचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन मधली दहा वर्षे सिटीग्रुपमध्ये होते. तिथून निघत असल्याचे त्यांनी शपथविधीच्या अकरा दिवस आधी जाहीर केले. 'ते' म्हणून बोट दाखवायचे तर बोट आपल्याच मांडवाकडे वळत होते. अशा वेळी खरा प्रामाणिक शब्द 'आमचे' हा होता : आमच्या पक्षाने भिंत पाडली, आम्ही राजकारण्यांनी डोळे मिटले. ते म्हणायचे नव्हते, 'त्यांचे' म्हणता येत नव्हते. मग उरले 'आपले'.

त्यांना माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही. मार्च २००८ मध्ये, उमेदवार असताना, न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्यांनी वित्तव्यवहारावर सविस्तर भाषण केले. ग्लास-स्टीगल रद्द करवून घेण्यामागे वशिलेबाजीवर किती पैसा ओतला गेला, हे त्यांनी तिथे आकड्यासह सांगितले. दहा महिन्यांनी त्याचे 'काहींचा हव्यास' एवढेच उरले. 'काहीं'ना चेहरा नाही. बाजाराविषयीचे वाक्यही पाहा : कोणाची नजर नसेल तर बाजार हाताबाहेर जाऊ शकतो. इथे बाजार हाच कर्ता आहे, उधळलेल्या बैलासारखा. बैल सोडला कोणी ते नाही.

न्यायाने सांगितले पाहिजे की भाषण म्हणून ओबामांचे भाषण काही बाबतींत मोठे आहे. मित्राची नोकरी जाऊ नये म्हणून स्वतःचे कामाचे तास कमी करून घेणारे कामगार रूझवेल्टांच्या भाषणात नाहीत. ख्रिश्चन आणि मुसलमान, ज्यू आणि हिंदू आणि कोणताच धर्म न मानणारे अशी देशाची ओळख त्या व्यासपीठावरून तोवर कोणी करून दिली नव्हती. रूझवेल्टांनी काळ्या अमेरिकनांचे नावही काढले नाही. सगळ्यांना 'आपण' म्हणून सामावून घेणे ही ओबामांची खरी ताकद होती. दोषाच्या वाटपात मात्र ती उलटी पडली.

कारण दोषाची जागा रिकामी राहत नाही. १८ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी घरे जप्त होण्याच्या बेतात असलेल्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी रिक सँटेली हा दूरचित्रवाणीचा वार्ताहर शिकागोच्या वायदेबाजारातून, भोवतीच्या दलालांच्या साथीने कॅमेऱ्यासमोर ओरडला : या हरलेल्या लोकांच्या घरांचे हप्ते आपण का भरायचे? चहा समुद्रात फेकण्याच्या जुन्या बंडाची त्याने आठवण काढली. टी पार्टी चळवळीची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून मोजतात. सँटेलीला 'ते' सापडले होते : कर्ज न झेपणारे शेजारी. ज्या दलालांना रूझवेल्टांनी मंदिरातून हाकलले, त्यांचे वारस बाजाराच्या जोत्यावर उभे राहून कर्जदारांकडे बोट दाखवत होते, आणि लोक ऐकत होते. महिन्याभरापूर्वी राष्ट्राध्यक्षांनीच अपयश सगळ्यांचे म्हटले होते. सगळ्यांचे म्हणजे शेजाऱ्याचेही.

'ते' ओबामांच्याही तोंडी आले. १३ डिसेंबर २००९ ला दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत ते म्हणाले की वॉल स्ट्रीटवरच्या गलेलठ्ठ बँकवाल्यांना मदत करायला मी निवडणूक लढवली नव्हती. तोवर बेकारी १० टक्क्यांवर जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी त्याच बँकांच्या प्रमुखांची व्हाइट हाउसमध्ये बैठक ठरलेली होती. त्यांतले तिघे, त्यांत सिटीग्रुपचेही एक, धुक्यामुळे विमान उडाले नाही म्हणून फोनवरून सामील झाले.